सगळेच सारखे, मग मत कशाला?



निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पाऊस, कांद्याचा बाजार आणि उमेदवार या तीन विषयांवर बोलणे होते. पहिल्या दोन विषयांवर लोक तावातावाने बोलतात. तिसरा विषय निघाला की हल्ली एकच वाक्य ऐकू येते : ‘सगळे सारखेच. सत्तेतले काय आणि विरोधातले काय!’ त्यामागोमाग दुसरे येते : ‘यंदा मी मतदानालाच जाणार नाही.’

पहिले वाक्य हा एक समज आहे, दुसरे वाक्य हा निर्णय आहे. समज खरा धरला तरी त्यातून हा निर्णय निघतो का, एवढाच प्रश्न आज घेऊ या. मत कोणाला द्यावे हे सांगण्याचा अधिकार या पत्रकाला नाही आणि तशी इच्छाही नाही.

निराशेला कारण आहे

आधी एक गोष्ट मान्य करू. जुन्नर-आंबेगावचा मतदार निराश झाला असेल तर तो केवळ आळशीपणामुळे नव्हे. त्याने जे पाहिले ते कोणालाही गोंधळात टाकील. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या शिरूर मतदारसंघात डॉ. अमोल कोल्हे घड्याळ या चिन्हावर उभे होते आणि शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर. कोल्हे ५८ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, पण या वेळी घड्याळ आढळरावांकडे होते आणि कोल्ह्यांकडे तुतारी वाजवणारा माणूस हे नवे चिन्ह. कोल्हे पुन्हा जिंकले, सुमारे १ लाख ४० हजार मतांनी. ज्या आजीने २०१९ मध्ये घड्याळ पाहून बटण दाबले, तिला त्याच माणसाला पुन्हा मत द्यायचे तर घड्याळ सोडावे लागले. आणि घड्याळच धरून राहायचे तर मागच्या वेळी जो पडला त्याला मत द्यावे लागले.

राज्यातही तेच झाले. २०१९ साली निवडून आलेल्या एकाच विधानसभेने देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे असे तीन मुख्यमंत्री पाहिले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. त्या पाच वर्षांत भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस हे चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून आले. मग विरोधी पक्ष म्हणून बघायचे तरी कोणाकडे? पक्षांतराला आळा बसावा म्हणून १९८५ साली राज्यघटनेत दहावे परिशिष्ट घातले गेले. या दोन्ही फुटींबाबत विधानसभाध्यक्षांनी २०२४ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत निकाल दिले, आणि दोन्ही प्रकरणांत कोणत्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

कोणी पक्ष का बदलला आणि त्याची कारणे योग्य होती का, याचा निवाडा प्रत्येकाने आपल्या बुद्धीने करावा. पण ‘आम्ही मत दिले एकीकडे आणि ते गेले दुसरीकडे’ ही तक्रार खोटी नाही. अशा दुखावलेल्या माणसाला ‘मतदान करा, लोकशाही वाचवा’ एवढी घोषणा ऐकवून भागत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

‘सगळे सारखेच’ हे कितपत खरे?

निवडणूक हा शब्द ‘निवडणे’ यावरून आला आहे. आपल्या घरी तांदूळ निवडतात, डाळ निवडतात. धान्यात खडे असतात म्हणूनच ते निवडायचे. सगळे दाणे चांगले असते तर कोणी सूप घेऊन बसले नसते. खडे फार निघाले म्हणून सगळे सूप उकिरड्यावर उपडे करणारी बाई आपण कोणी पाहिलेली नाही. त्या दिवशी ती उजेडात सरकून बसते आणि थोडा जास्त वेळ देते.

‘सगळे सारखेच’ म्हणण्यात एक सोय आहे. एकदा तसे ठरवले की चौकशीचे कष्ट वाचतात. पण आपल्या तालुक्यांतले प्रश्न समोर ठेवून उमेदवारांकडे पाहिले तर काय दिसेल? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले आणि संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. धरणे झाली, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला लपायला घर मिळाले. शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याला अंधारात त्याच उसात दारे धरायला जावे लागते. दिवसा विजेसाठी कोणी काय केले? पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबाला भाव मिळावा म्हणून कोण बोलले? डिंभे धरणाच्या काठावर राहूनही उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरणाऱ्या बायकांची बाजू कोणी मांडली? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा कोण कोठे उभा होता?

हे प्रश्न विचारल्यावर कदाचित दहापैकी आठांवर सगळे उमेदवार सारखेच निघतील. उरलेल्या दोनांवर फरक पडत असेल तर तेवढा फरक आपल्या मताला पुरेसा आहे.

पोप फ्रान्सिस यांना सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना विमानात अमेरिकेच्या निवडणुकीविषयी असाच प्रश्न विचारला गेला. दोन्ही उमेदवारांच्या काही भूमिका जीवनाच्या विरोधी आहेत असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तरी मतदान न करणे बरे नव्हे असेही सांगितले. दोन वाइटांतले कमी वाईट निवडावे, आणि ते कोणते हे प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारून ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाचे नाव त्यांनी घेतले नाही.

मत म्हणजे दाखला नव्हे

यावर एखादा प्रामाणिक माणूस म्हणेल, ‘कमी वाईट असला तरी तो वाईटच ना? त्याला मत दिले तर त्याच्या पापात माझा वाटा नाही का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्याकडे पूर्वी घरेच्या घरे एका पक्षाची असत. ‘आमचे घर काँग्रेसचे’, ‘आमचे घर सेनेचे’ असे अभिमानाने सांगत. मत ही निष्ठा होती, जवळजवळ नाते होते. म्हणूनच पक्ष फुटल्यावर घर फुटल्यासारखे वाटले. पण मत म्हणजे उमेदवाराला दिलेला चांगुलपणाचा दाखला नव्हे. आपण घर बांधायला गवंडी लावतो तेव्हा आजूबाजूला जे गवंडी मिळतात त्यांतला बरा पाहून लावतो. त्याने बांधलेल्या दोन भिंती पाहतो, चार माणसांना विचारतो, मग काम देतो. पुढे त्याने सिमेंटमध्ये वाळू जास्त घातली तर तो दोष त्याचा. चौकशी न करता, केवळ भावकीतला म्हणून किंवा त्याने आपल्याला काही चारले म्हणून काम दिले असेल, तर मात्र त्या वाकड्या भिंतीत आपलाही वाटा असतो.

मताचेही तसेच आहे. नीट विचारपूस करून, सर्वांचे भले डोळ्यांसमोर ठेवून दिलेले मत पुढे वाया गेले तरी देणाऱ्याचा अंतःकरणातला व्यवहार स्वच्छ राहतो. शब्द मोडणाऱ्याचा जबाब शब्द मोडणारा देईल.

घरी बसण्याची किंमत कोण देते?

मत न दिल्याने हात स्वच्छ राहतात असे आपल्याला वाटते. पण आपण घरी बसलो तर त्याची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या मोबाइलमध्ये आमदाराच्या स्वीय सहायकाचा नंबर आहे, ज्याचा कारखान्यात किंवा बँकेत शब्द चालतो, त्याचे काम निवडून कोणीही आले तरी होते. त्याला मताची फारशी गरज नाही. भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीवरची म्हातारी, उसाच्या फडावर राबणारा मजूर, दुसऱ्याच्या बागेत द्राक्षे खुडणारी बाई यांच्याकडे कोणाचा नंबर नाही. पाच वर्षांतून एकदा पुढाऱ्याला त्यांच्या दारात यावे लागते, ते त्यांच्या मतासाठीच. त्यांची बाजू लक्षात ठेवून मत देणारे लोक घरी बसले की त्यांच्या मताचे वजन आणखी कमी होते. म्हणून ‘मी जात नाही’ हा निर्णय माझ्यापुरता राहत नाही. माझी निराशा मला परवडते, त्या म्हातारीला परवडत नाही. प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितले तेव्हा मतदानाचा दिवस त्यातून वगळला नव्हता.

कोणीच लोकप्रतिनिधी नसला तर काय होते, हेही आपण नुकतेच पाहिले. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे निवडणुका रखडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. अधिकारी चांगले असतील, कामेही झाली असतील. पण शाळेचे छप्पर गळत असेल तर ‘पुढच्या वेळी बघून घेऊ’ असे अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. ते फक्त निवडून आलेल्या माणसाला म्हणता येते.

हा हक्कही आपल्या मातीतल्या माणसांना फुकट मिळालेला नाही. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर तो आडवा झाला आणि त्याखाली मेला. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींवर मोजक्यांनाच होता. त्याच्यासारख्या कामगाराला सरकार निवडण्याचा मार्ग नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून गरीब-श्रीमंत प्रत्येक प्रौढाला एक मत मिळाले. आज डिंभे जलाशयाला त्याचे नाव आहे.

नोटा आणि बहिष्कार

मग ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण कशाला आहे? सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निकालामुळे ते यंत्रावर आले. त्याचा उपयोग करणे हे घरी बसण्यापेक्षा निश्चितच प्रामाणिक आहे, कारण तो माणूस रांगेत उभा राहून आपली नापसंती नोंदवतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले. पण मर्यादा ओळखली पाहिजे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांसाठी नियम बदलला : तेथे नोटा पहिले आले तर निवडणूक पुन्हा घ्यायची. सगळे उमेदवार खरोखरच मत देण्याच्या लायकीचे नाहीत असे चौकशीअंती ठरले तर नोटा दाबण्यात दोष नाही. चौकशी टाळण्यासाठी दाबले तर तेही घरी बसण्यासारखेच.

गावाने मिळून टाकलेला बहिष्कारही वेगळा. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून अख्खी वाडी ठराव करते आणि तहसीलदाराला कळवते, तेव्हा ते बोलणे असते. निदान अधिकारी तरी धावत येतो. एकेकट्याने घरी पंख्याखाली बसण्याला बहिष्कार म्हणता येत नाही. तो कोणाला ऐकूच येत नाही.

मीठ आणि भंडारा

आता थोडे आपल्याविषयी. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात हे सर्वांना माहीत आहे. काही ठिकाणी पैसे देताना भंडारा उचलायला लावतात, शपथ घ्यायला लावतात. आणि आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हा संस्कार इतका खोल आहे की पैसे घेतलेला गरीब माणूस भीतीने तसेच मत देतो. याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण साधी आहे. अयोग्य गोष्ट करण्याची शपथ माणसाला बांधत नाही. ती घेणे हेच चूक. ती पाळणे ही दुसरी चूक. कायद्यानेही मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघे गुन्हेगार आहेत. पुढारी विकले जातात असे म्हणताना आपले घर पाचशे-हजारांत विकले गेले नाही ना, हे पाहावे. ज्याने मत विकत घेतले, त्याच्यावर आपला काय हक्क उरला? त्याचा हिशोब त्याच रात्री मिटला.

आपण या भागात संख्येने थोडे आहोत. त्यामुळे आणखी एक मोह होतो. ‘आपल्या दफनभूमीला भिंत कोण बांधून देतो, त्याला सगळ्यांनी मत देऊ.’ भिंत हवी, त्यासाठी अर्जही करावा. पण भिंतीच्या पलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याचे त्याच्या राज्यात काय होईल, हे न पाहता दिलेले मत ख्रिस्ती माणसाचे म्हणता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मताला हक्क आणि कर्तव्य अशा दोन्ही नावांनी संबोधले आणि ते सर्वांच्या हितासाठी वापरावयास सांगितले. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात कर भरण्याच्या कर्तव्यालगतच मतदानाचे कर्तव्य सांगितले आहे.

योथामची गोष्ट

शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांना एक गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघाली. जैतुनाला विचारले, ते म्हणाले मी माझे तेल सोडून कशाला येऊ? अंजिराला आपली गोडी सोडवेना. द्राक्षवेलीला आपला रस सोडवेना. शेवटी काटेरी झुडपाला विचारले. ते लगेच तयार झाले, आणि पहिल्याच वाक्यात सावलीचे आमिष व आगीची धमकी दोन्ही दिले.

ही गोष्ट ऐकताना आपण काट्यांना नावे ठेवतो. पण गोष्टीतल्या चांगल्या झाडांचे काय? तीही घरी बसली. आपली द्राक्षबाग बरी, आपले दुकान बरे, मुलगा पुण्याला नोकरीला आहे ते बरे. राजकारण हे आपले काम नाही. सरळ माणसे ग्रामपंचायतीलाही उभी राहत नाहीत, उभी राहिली तर आपण त्यांना ‘याच्याकडे खर्च करायला काय आहे?’ म्हणून पाडतो, आणि मग सगळे सारखेच निघतात.

मत देऊन काम संपत नाही

आपल्या मताने काही होत नाही, असे म्हणण्यापूर्वी इथलेच निकाल पाहावेत. २०१४ मध्ये जुन्नरने शरद सोनवणे यांना मनसेकडून निवडले. त्या वर्षी राज्यात निवडून आलेले ते त्या पक्षाचे एकमेव आमदार. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे अतुल बेनके आले. २०२४ मध्ये पुन्हा सोनवणे, या वेळी अपक्ष. म्हणजे मतदाराने तीनदा आपले म्हणणे खरे केले. शेजारी आंबेगावात २०२४ मध्ये दिलीप वळसे पाटील देवदत्त निकम यांच्यापुढे अवघ्या १,५२३ मतांनी राहिले. तीनशेहून अधिक मतदान केंद्रांवर हा फरक वाटला तर केंद्रामागे जेमतेम पाच मते येतात. आणि निकम यांच्याच नावाचा जो दुसरा अपक्ष उमेदवार रिंगणात होता, त्याला या फरकापेक्षा जास्त मते पडली. नीट वाचून बटण दाबणे हेसुद्धा किती मोलाचे आहे, ते यावरून कळावे.

पण माणसे बदलूनही बिबट्या, वीज आणि पाणी हे प्रश्न राहिलेच, हेही खरे. कारण आपण एक दिवस मतदार असतो आणि बाकीचे दिवस प्रेक्षक. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. तिला शंभर माणसे किंवा मतदारांच्या १५ टक्के, यांत जे कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि तेवढीही न जमल्याने ती तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. मग दहा माणसे सगळ्या गावाचे ठरवतात. अनुसूचित क्षेत्रातल्या आपल्या पश्चिमेच्या गावांत तर ग्रामसभेला कायद्याने अधिकच हक्क आहेत. तेथे जाऊन नळाच्या पैशांचा हिशोब विचारणे हे मतदानाइतकेच मोठे काम आहे.

तेव्हा येत्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक घराने एक संध्याकाळ काढावी. टीव्ही बंद करून, घरातल्या तरुणांना आणि आजी-आजोबांना एकत्र बसवून, उमेदवारांची नावे व चिन्हे नीट वाचावीत. आपल्या आसपासचे सर्वांत गरीब घर कोणते, त्याला सर्वांत जास्त काय हवे आहे, आणि ते कोणाकडून होण्याची थोडी तरी शक्यता आहे, यावर बोलावे. मतभेद होतील, होऊ द्यावेत. नंतर प्रार्थना करून प्रत्येकाने आपापले ठरवावे. आणि मतदानाच्या दिवशी ज्या शेजाऱ्याला चालवत नाही, त्याला आपल्या गाडीवर केंद्रापर्यंत घेऊन जावे. मत कोणाला देणार, हे मात्र त्याला विचारू नये.